बॅकअप आहे म्हणताय, मग एकदा परत काढून दाखवा

मागच्या अंकात नवीन लॅपटॉप घेताना काय बघायचं ते लिहिलं होतं. त्यावर जी पत्रं आणि व्हॉट्सॲप आले त्यातले निम्मे लॅपटॉपबद्दल नव्हतेच, "लॅपटॉप घेतला हो, पण जुन्यातलं गेलं ते कसं आणायचं" असलेच होते. गेलेलं आणून देणं माझ्या हातात नाही. पण पुढचं जाऊ नये म्हणून क्लाऊडवर, म्हणजे नेटवरनं एखाद्या कंपनीच्या कॉम्प्युटरवर, बॅकअप स्वस्तात आणि सुरक्षित कसा ठेवायचा ते यावेळी बघूया. नावं कुणाचीच छापत नाही, गाव आणि धंदा तेवढा ठेवलाय.

प्रश्न (निपाणी, निवृत्त गुरुजी): माझ्या लॅपटॉपमध्ये नातवंडांचे फोटो, शेताचे उतारे, खरेदीपत्रं आणि आमच्या वडिलांच्या भजनाच्या नऊ वह्या आहेत, वह्या मी स्वतः पानन् पान स्कॅन केल्यात. एकूण १८० जीबी होतंय. पुण्याचा मुलगा म्हणतो क्लाऊड घ्या, बेळगावचे जावई म्हणतात हार्ड डिस्क घ्या, क्लाऊड म्हणजे परक्याच्या घरात आपली तिजोरी. महिन्याला दोनशेच्या वर घालवायची माझी तयारी नाही. कुणाचं ऐकू?

उत्तर: गुरुजी, दोघांचंही ऐका, पण आधी तो १८० चा आकडा खाली आणू. प्रत्येक फोल्डरवर राईट क्लिक करून प्रॉपर्टीज बघत चला, कुठं किती जागा खाल्लीय ते कळेल. माझा स्वतःचा 'महत्त्वाचं' नावाचा फोल्डर मी असाच एकदा उघडून बघितला तर त्यात तीन सिनेमे, एकाच बारशाचे फोटो चार ठिकाणी आणि व्हॉट्सॲपवर आलेल्या गुड मॉर्निंगच्या गुलाबांचा ढीग निघाला, आणि हे सगळं मी दोन वर्षं पैसे देऊन क्लाऊडवर सांभाळत होतो. तुमचंही थोडंफार तसंच निघेल असं वाटतंय.

आता तुमच्या वह्या. एक पान ३०० डीपीआयला जेपीजी स्कॅन केलं की साधारण एक-दोन एमबी होतं. नऊ वह्या दोनशे-दोनशे पानांच्या धरल्या तरी १८०० पानं, म्हणजे दोन ते चार जीबी. उतारे, खरेदीपत्रं धरून पाच धरा. म्हणजे बघा, जे परत कुठंच मिळणार नाही ते सगळं पाच जीबीत बसतंय, आणि गुगलच्या फुकट खात्याला १५ जीबी असतात. फक्त त्या १५ मध्ये जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो तिघं मिळून राहतात हे ध्यानात ठेवा, मेलनं भरलेलं असेल तर वह्यांना जागा उरणार नाही. फोटो पूर्वी फुकटात कितीही चढायचे, ती सोय १ जून २०२१ पासून बंद झालीय. मायक्रोसॉफ्टच्या वनड्राइव्हला आणि ॲपलच्या आयक्लाऊडला फुकट ५ जीबी, ड्रॉपबॉक्सला २, मेगाला २०.

नातवंडांचे फोटो निवडून ७०-८० जीबीवर आले तर गुगलचा १०० जीबीचा प्लॅन महिन्याला १३० रुपये, वर्षाचे एकदम भरले तर १३००, म्हणजे दोन महिने फुकट पडतात. तुमच्या दोनशेत बसतंय. पैसे भरायच्या आधी त्या दिवशीचा भाव मात्र बघून घ्या, हे प्लॅन बदलत असतात. वार्षिक प्लॅनची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा, कारण कार्ड बदललं की ऑटोपे गुपचूप बंद पडतं. लगेच काही डिलीट होत नाही, पण जागा भरलेली असली की नवीन चढायचं थांबतं, मेल यायचं पण थांबतं, आणि असंच दोन वर्षं जास्तीचं भरून राहिलं तर गुगल डेटा काढून टाकू शकतं.

जावयांचं पण खोटं नाही. एक टीबीची पोर्टेबल डिस्क पाच-सहा हजारांत येते, वर्षाला भाडं नाही आणि नेट नसलं तरी चालते. पण ती लॅपटॉपशेजारीच राहते हा तिचा दोष. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा तिघी एकदम आल्या तेव्हा गोकाकच्या माझ्या एका ओळखीच्या दुकानदाराचा कॉम्प्युटर टेबलाखाली आणि बॅकअपची डिस्क त्याच टेबलाच्या ड्रॉवरमध्ये होती. पाणी ओसरल्यावर दोन्ही एकाच चिखलातून काढले. म्हणून या धंद्यातले लोक ३-२-१ म्हणतात, पीटर क्रोघ नावाच्या एका फोटोग्राफरनं ते जास्त लोकांपर्यंत नेलं: तीन कॉप्या, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या वस्तूंवर, त्यातली एक घराबाहेर. तुमच्यासाठी लॅपटॉप एक, डिस्क दोन, क्लाऊड तीन. मुलगा आणि जावई दोघंही खूश.

परक्याच्या तिजोरीचं म्हणाल तर नातवंडांच्या फोटोसाठी तेवढी काळजी नको. खरेदीपत्रांसाठी आहे, त्याचा उपाय खाली रामदेव गल्लीच्या उत्तरात दिलाय तो वाचा.

आणि एक काम तेवढं माझं ऐका. सगळं चढवून झालं की दुसऱ्या कुणाच्या कॉम्प्युटरवर तुमचं खातं उघडा, तिसऱ्या वहीचं मधलंच एखादं पान डाउनलोड करा आणि वाचून बघा. अभंग वाचता आला तर बॅकअप झाला. हिरवी टिकमार्क दिसली म्हणजे झाला असं नव्हे. बघून झालं की त्या कॉम्प्युटरवरनं लॉगआउट मात्र करून या.

प्रश्न (वडगाव, पॉवरलूमवाले): साडीच्या काठ-पदराच्या डिझाईनच्या अकरा वर्षांच्या फाईली आहेत आमच्या. एके दिवशी सकाळी कॉम्प्युटर चालू केला तर सगळ्या फाईलींची नावं बदललेली, उघडायला गेलं की एरर दाखवायलंय, आणि पैसे मागणारी इंग्लिश चिठ्ठी प्रत्येक फोल्डरात. क्लाऊडवर तेच फोल्डर होतं म्हणून निर्धास्त होतो तर तिथं पण तसंच झालंय. कॉम्प्युटरातलं गेलं ते कळतंय, क्लाऊडवरचं कसं काय गेलं?

उत्तर: दादा, वाईट वाटलं वाचून. तुमच्याकडं होतं ते सिंक होतं, बॅकअप नव्हे. सिंक म्हणजे आरसा, तुम्ही गंध लावला की आरशातल्यालाही लागतो आणि तोंडाला काळं फासलं तर त्यालाही फासलं जातं. ड्राइव्ह, वनड्राइव्ह, ड्रॉपबॉक्स हे मुळात एकच फोल्डर सगळीकडं सारखं दिसावं म्हणून केलेले आहेत. व्हायरसनं इकडं फाईल कुलूपबंद केली की सिंकला वाटतं मालकानंच बदल केलाय, आणि तो इमानदारीनं तीच कुलूपबंद फाईल वर पाठवून देतो. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय नावाचा व्हायरस आला तेव्हापासून रॅन्समवेअर (फाईली कुलूपबंद करून पैसे मागणारा व्हायरस) हा शब्द पेपरात यायला लागला, पण बहुतेकांना ते मोठ्या कंपन्यांचं दुखणं वाटतं, मागाच्या शेडमधल्या कॉम्प्युटरला कोण विचारतंय म्हणून. व्हायरसला शेड आणि कंपनी कळत नाही की हो.

आत्ता काय करायचं ते आधी सांगतो. त्या कॉम्प्युटरची नेटची वायर काढा, पेनड्राइव्ह किंवा डिस्क काहीही जोडू नका, आणि पैसे पाठवू नका, पाठवून फाईली मिळतीलच असा कुणी शब्द देत नाही. मग दुसऱ्या स्वच्छ कॉम्प्युटरवरनं क्लाऊडचं खातं ब्राउझरमध्ये उघडा, पासवर्ड बदला आणि ट्रॅश बघा. काही व्हायरस जुनी फाईल डिलीट करून नवी बनवतात, तसं असेल तर तुमची चांगली फाईल ट्रॅशमध्ये पडलेली असेल. गुगल ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये ती ३० दिवस राहते. ट्रॅशमध्ये नसेल तर फाईलवर राईट क्लिक करून जुनी व्हर्जन बघा, तीही ड्राइव्हवर साधारण ३० दिवस किंवा १०० व्हर्जनपर्यंत असतात. एकेक फाईल मागं नेणं म्हणजे कमरेचा काटा ढिला व्हायचं काम आहे, पण अकरा वर्षांची डिझाईनं आहेत. मायक्रोसॉफ्ट ३६५ चं पैसे भरलेलं खातं असेल तर तिथं आख्खं वनड्राइव्ह गेल्या ३० दिवसांतल्या एखाद्या तारखेवर एकदम मागं नेता येतं. म्हणजे दिवस मोजून घ्या आणि आजच बसा, पुढच्या आठवड्यात बघू म्हणू नका.

'नो मोअर रॅन्सम' नावाची एक साईट आहे, २०१६ साली युरोपोल (युरोपातल्या देशांची पोलीस संस्था), डच पोलीस आणि सिक्युरिटी कंपन्यांनी मिळून काढलेली. तिथं एखादी कुलूपबंद फाईल दिली तर कुठल्या जातीचा व्हायरस आहे ते सांगतात आणि काही जातींच्या चाव्या फुकट मिळतात. तक्रार सायबर गुन्ह्यांच्या १९३० नंबरवर करा.

पुढच्यासाठी दोन गोष्टी. क्लाऊड तेच राहू दे, पण सिंकऐवजी बॅकअपचं सॉफ्टवेअर लावा, ज्यात काल, परवा, गेला महिना अशा वेगवेगळ्या तारखांच्या प्रती राहतात. डुप्लिकाटी नावाचं एक फुकट आणि ओपन सोर्स आहे. ते तुमच्याच गुगल ड्राइव्हवर किंवा वनड्राइव्हवर बॅकअप टाकतं, वर पाठवायच्या आधी इथंच कुलूप लावतं, आणि पहिल्या वेळेनंतर बदललेला भागच तेवढा पाठवतं. लावायला थोडं किचकट आहे, इंजिनिअरिंगचा एखादा पोरगा गाठा आणि अर्ध्या दिवसात करून घ्या. दुसरी गोष्ट, महिन्यातनं एकदा डिस्कवर कॉपी काढायची आणि डिस्क उपटून कपाटात ठेवायची. सतत जोडलेली डिस्क व्हायरसला तुमच्या सी ड्राइव्हसारखीच उघडी असते.

आणि एक विचारतो, रागावू नका. ते डिझाईनचं सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवरनं आलेलं क्रॅक, म्हणजे फुकटात चालवलेली चोरीची कॉपी, होतं का? टाकताना 'अँटिव्हायरस बंद करा' असं सांगितलं असेल तर दार तुम्हीच उघडून दिलंत म्हणायचं.

प्रश्न (उद्यमबाग, जॉबवर्कचा छोटा कारखाना): टॅलीचा डेटा फोल्डर सरळ ड्राइव्हच्या फोल्डरात हलवला, म्हटलं आपोआप बॅकअप होईल. आता कधी कधी कंपनी उघडत नाही, फाईलींच्या दोन-दोन कॉप्या दिसायलंय.

उत्तर: आजच बाहेर काढा. टॅली चालू असताना तिच्या फाईली सारख्या लिहिल्या जातात आणि त्याच वेळी सिंक त्यांना ओढत असतो, मग अर्धी जुनी अर्धी नवी अशी खिचडी होते. डेटा साध्या फोल्डरात ठेवा, संध्याकाळी बंद करताना टॅलीतूनच बॅकअप काढा आणि ती बॅकअपची फाईल तेवढी क्लाऊडवर जाऊ दे, तारखेच्या नावानं. जुन्या लगेच पुसू नका, जीएसटीचे हिशेब वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने सांभाळावे लागतात. सीएनसी मशीनचे प्रोग्रॅम पण त्यातच टाका, दोन-चार केबीच्या फाईली असतात, पण ऑपरेटर सोडून गेल्यावर त्यांची किंमत कळते.

प्रश्न (अथणी, लग्नाचे फोटो-व्हिडिओ काढणारा): ४ टीबी डेटा झालाय. यूट्यूबवर बघितलं की अमेरिकेत एक कंपनी वर्षाला ९९ डॉलरमध्ये अनलिमिटेड बॅकअप देते. घेऊ का? एवढं स्वस्त म्हणजे काहीतरी गोम असणार.

उत्तर: तुम्ही बॅकब्लेझबद्दल म्हणताय. गोम नाही, पण अटी आहेत आणि त्या समजून घ्या. एका कॉम्प्युटरला एक खातं, विंडोज किंवा मॅक, त्याला जोडलेल्या यूएसबी डिस्कही त्यात आल्या. आपल्या पैशात साडेआठ-नऊ हजार, वरनं बँकेचं परकीय चलनाचं चार्ज आणि टॅक्स, दहाच्या आसपास पकडा. तुमच्या कार्डवर इंटरनॅशनल व्यवहार बहुतेक बंद असतील, नवीन कार्ड हल्ली तशीच येतात, बँकेच्या ॲपमधून चालू करावे लागतील. बाहेरची डिस्क फार दिवस जोडलीच नाही तर तिची वरची कॉपी ते काढून टाकतात, हिस्टरीचं (जुन्या प्रती किती दिवस ठेवायच्या त्याचं) सेटिंग ३० दिवसांवर आहे की एक वर्षावर त्यावर ही मुदत ठरते. तुमच्यासारखा माणूस जुन्या लग्नांची डिस्क कपाटात टाकून विसरतो, म्हणून खाते उघडल्याबरोबर पहिल्या दिवशीच ते एक वर्षावर करा.

खरी अडचण कंपनीत नाही, तुमच्या वायरमध्ये आहे. गणित करू. अपलोडचा वेग २० एमबीपीएस धरला तर ४ टीबी चढायला रात्रंदिवस अठरा-एकोणीस दिवस लागतात, मध्ये एकदाही करंट गेला नाही आणि नेट तुटलं नाही तर. फायबरच्या प्लॅनवर अनलिमिटेड लिहिलेलं असतं पण बऱ्याच ठिकाणी खाली बारीक अक्षरात महिन्याला ३३०० जीबी असतं, म्हणजे ४ टीबीला दोन महिन्यांचा कोटा. नेटवाल्याला डाउनलोडचा नाही, अपलोडचा वेग काय ते विचारा, जाहिरातीत तो आकडा सहसा छापत नाहीत. आणि उद्या डिस्क मेली तर तेवढंच सगळं खाली आणायचं आहे आणि नवरीकडचे लोक दारात बसलेत, हे पण डोळ्यापुढं आणा.

म्हणून माझं मत, तुम्ही ४ टीबी वर पाठवू नका. प्रत्येक लग्नाचे फायनल अल्बम आणि एडिट केलेला व्हिडिओ ५ ते १० जीबीत बसतो, तेवढा क्लाऊडवर. कच्चा माल दोन डिस्कवर, त्यातली एक दुसऱ्या गावात, संकेश्वरला बहीण असेल तर तिच्याकडं, जाताना नवीन न्यायची आणि येताना जुनी आणायची. गिऱ्हाईकाला ऑर्डर घेतानाच पावतीवर लिहून द्या की कच्चे फोटो सहा महिने ठेवीन, नंतर माझी जबाबदारी नाही. पाच वर्षांनी फोन करणारे मग तरीही फोन करतात, पण निदान पावती दाखवता येते.

अनलिमिटेड या शब्दावर जास्त भरवसा नको. क्रॅशप्लॅन म्हणून एक होती, घरगुती गिऱ्हाईकांत बरीच नावाजलेली, तिनं २०१७ च्या ऑगस्टात घरगुती प्लॅन बंद करतोय म्हणून जाहीर केलं आणि २०१८ च्या ऑक्टोबरात बंद केला. लोकांना वर्षभर मुदत मिळाली हे खरं, पण ज्यांच्याकडं घरात दुसरी कॉपी नव्हती त्यांची धावपळ झाली असणार.

प्रश्न (जांबोटीच्या बाजूचं गाव, प्राथमिक शिक्षिका): आमच्याकडं फायबर नाही. मोबाईलचा हॉटस्पॉट, रोज दीड जीबी, त्यात पावसाळ्यात चार महिने करंट आणि रेंज दोन्हीचा भरवसा नाही. शाळेची कामं, प्रश्नपत्रिका, माझं एम.ए. चं लिखाण, सगळं मिळून ४० जीबी. क्लाऊड आमच्यासाठी नाहीच का?

उत्तर: आहे की ताई, पण तुमची पद्धत वेगळी पडेल. रोजचे दीड जीबी सगळे दिले तरी ४० जीबीला सत्तावीस दिवस लागतील आणि घरात कुणाला यूट्यूब मिळणार नाही, तेव्हा ते सोडा. पहिली मोठी कॉपी बेळगावात करा, कुणा नातेवाईकाकडं वायफाय असेल तिथं शनिवारी लॅपटॉप घेऊन जा, चार्जरला लावा, स्लीप बंद करा आणि रात्रभर चालू ठेवा. ४० एमबीपीएस अपलोड मिळालं तर सव्वादोन तासात होतंय, १० मिळालं तर नऊ तास. त्यानंतर रोज बदलणारं किती असतं हो, दोन प्रश्नपत्रिका आणि प्रबंधाचं एक प्रकरण, पाच-दहा एमबी. ते हॉटस्पॉटवर चहा होईपर्यंत चढतं.

विंडोजमध्ये त्या हॉटस्पॉटला 'मीटर्ड कनेक्शन' (मोजून मिळणारं नेट) करून ठेवा, नाहीतर बॅकअपला ठेवलेला डेटा विंडोजचे अपडेटच खाऊन टाकतील. प्रबंधाची फाईल तेवढी पेनड्राइव्हवर पण ठेवा, आणि पेनड्राइव्ह लॅपटॉपच्या बॅगेत नको, बॅग हरवली की दोन्ही जातात.

प्रश्न (रामदेव गल्ली, बेळगाव, डीटीपी आणि झेरॉक्स): दोन प्रश्न आहेत. एक, कॉम्प्युटर फॉरमॅट करून क्लाऊडवरनं सगळं परत घेतलं, फाईली सगळ्या आल्या पण मराठी पत्रिका उघडल्या की इंग्लिश अक्षरांची रांगोळी दिसतेय, कन्नडच्या पण तशाच. दोन, गिऱ्हाईकांचे आधार, पॅन आमच्याकडं स्कॅन होऊन पडलेले असतात, ते पण क्लाऊडवर गेलेत. कंपनीवाले बघत असतील का?

उत्तर: पहिल्याचं दुखणं ओळखीचं आहे. पत्रिका श्रीलिपीत किंवा तसल्या जुन्या फॉन्टात केल्या असणार आणि कन्नड नुडीच्या जुन्या फॉन्टात. त्या फॉन्टांमध्ये फाईलीत खरं म्हणजे इंग्रजी अक्षरांचेच नंबर साठवलेले असतात, फॉन्ट त्यांच्यावर मराठी-कन्नडचा चेहरा चढवतो. फॉन्ट नाही म्हणजे चेहरा नाही. तुमच्या फाईली शाबूत आहेत, तेच फॉन्ट परत टाका, सगळं दिसेल. सॉफ्टवेअरची सीडी किंवा डोंगल शोधा. यापुढं बॅकअपमध्ये 'फॉन्ट' नावाचा एक फोल्डर ठेवा, त्यात प्रत्येक फॉन्टची फाईल टाका, आणि फायनल झालेल्या प्रत्येक कामाची फॉन्ट एम्बेड केलेली पीडीएफ पण ठेवा. पीडीएफ दहा वर्षांनी कुठल्याही मशीनवर तशीच उघडते. नवीन काम शक्यतो युनिकोडमध्ये करा, तो त्रासच संपतो.

दुसऱ्याचं. मोठ्या कंपन्या फाईल जाताना आणि ठेवताना कुलूप लावतात हे खरं आहे, पण चावी त्यांच्याकडंच असते. रोज कुणी माणूस बसून तुमच्या गिऱ्हाईकाचं आधार बघत नाही, पण तुमचा पासवर्ड ज्याच्या हातात पडेल त्याला मात्र सगळं उघडं आहे, आणि झेरॉक्सच्या दुकानात पासवर्ड मॉनिटरवर चिकटवलेला असतो हे मी डोळ्यांनी बघितलंय. चावी आपल्याकडंच हवी असेल तर क्रिप्टोमेटर नावाचं सॉफ्टवेअर कॉम्प्युटरवर फुकट मिळतं, ते ड्राइव्हच्या आत एक तिजोरी करतं. तिच्यात टाकलेली प्रत्येक फाईल वेगळी कुलूपबंद होऊन वर जाते, त्यामुळं एक फाईल बदलली तर तेवढीच परत चढते. निपाणीच्या गुरुजींनी खरेदीपत्रं यातच ठेवावीत. पण हा पासवर्ड विसरला आणि त्याची रिकव्हरी की पण हरवली तर जगात कुणीही उघडून देऊ शकत नाही, कस्टमर केअरला रडून उपयोग नाही. मेगाचंही तसंच आहे. की कागदावर लिहा, दोन कागदांवर, आणि दोन ठिकाणी ठेवा.

आणि गिऱ्हाईकाचं आधार सांभाळायचंच कशाला? प्रिंट दिली, पैसे घेतले, स्कॅन डिलीट, ट्रॅश पण रिकामा. "पुढच्या वेळी लागेल" म्हणून ठेवता ना, तो पुढच्या वेळी घेऊन येईल की.

प्रश्न (हिंदवाडी, गृहिणी): आमचे हे मार्चमध्ये गेले. घरातले सगळे फोटो, विम्याचे, बँकेचे कागद त्यांच्या क्लाऊडच्या खात्यात आहेत, महिन्याला पैसे पण जात होते. पासवर्ड आम्हाला कुणालाच माहीत नाही. मुलगी म्हणते नवीन पासवर्ड टाकायचा तर ओटीपी त्यांच्या नंबरवर जाणार. त्यांचा फोन कपाटात बंद करून ठेवलाय.

उत्तर: वहिनी, त्यांचा लॅपटॉप असेल तर तो फॉरमॅट करू नका, कुणाला देऊ नका, आणि ब्राउझरमधून लॉगआउट करू नका. बरेच वेळा खातं तिथं उघडंच असतं. उघडून बघा, ड्राइव्ह आणि फोटो दिसले तर दुसरं काही करायच्या आधी सगळं डाउनलोड करून एका डिस्कवर घ्या. मुलीला बसवा, एका दिवसाचं काम आहे. फोनलाही तेच लागू, तो चार्ज करा, लॉक कुणाला माहीत असेल तर गॅलरी आणि ड्राइव्हचं ॲप आतून उघडंच असेल.

ते नाही जमलं तर खातं गुगलचं असल्यास मृत व्यक्तीच्या खात्यासाठी त्यांच्याकडं वेगळा अर्ज असतो, मृत्यूचा दाखला लागतो, वेळ लागतो, आणि आतलं मिळेलच याची खात्री ते देत नाहीत. वापर नसलेलं खातं दोन वर्षांनी पुसायचा त्यांचा नियमही आहे, त्यामुळं फार लांबवू नका. ज्या कार्डवरनं महिन्याचे पैसे जातात ते खातं बँकेत बंद करायची घाई करू नका, आधी डाउनलोड होऊ दे.

बाकीच्या वाचकांनी आजच आपल्या गुगल खात्यात 'इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर' शोधून बायकोचं, नवऱ्याचं किंवा पोराचं नाव टाकावं, तुम्ही ठराविक महिने खातं वापरलं नाही की त्यांना कळवतात आणि तुम्ही ठरवलेला डेटा त्यांना देतात. टू-स्टेपचे (पासवर्डनंतरच्या दुसऱ्या तपासणीचे) बॅकअप कोड प्रिंट काढून एलआयसीच्या फाईलीत लावावेत.

वहिनी, तुमच्यासाठी सगळ्यात पहिलं काम वेगळंच आहे. सिम ९० दिवस वापरलं नाही तर कंपनी नंबर बंद करू शकते, पुढं तो दुसऱ्याला पण जातो. एकदा नंबर गेला की ओटीपीचा रस्ताच बंद. फोन कपाटातनं काढा आणि त्या नंबरला आज संध्याकाळीच रिचार्ज मारा.